एका ओळीसाठी अख्खा बिल्ड का? सी प्लस प्लसमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी इन्क्रिमेंटल कम्पाइल आणि लिंकचे मार्गदर्शन

दर वर्षी जून-जुलैच्या सुमारास महापे, ऐरोली आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कार्यालयांत नवे अभियंते रुजू होतात. त्यांपैकी ज्यांच्या वाट्याला सी प्लस प्लसचा मोठा, जुना प्रोजेक्ट येतो, त्यांना पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरून एक सल्ला मिळतो: "काही विचित्र दिसलं ना, तर क्लीन मार आणि परत बिल्ड लाव." बिल्ड म्हणजे कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करणे, आणि क्लीन म्हणजे त्यासाठी आधी तयार झालेल्या सगळ्या फाइल पुसणे. मीही कळव्याहून महाप्याला जाऊ लागलो तेव्हा हाच सल्ला ऐकला आणि जवळजवळ दोन वर्षे पाळला. आमचा प्रोग्राम कारखान्यांतील यंत्रांचे तापमान, दाब आणि वेग नोंदवणारा होता, आणि त्याच्या पूर्ण बिल्डला तेवीस मिनिटे लागत. दिवसातून पाच वेळा क्लीन केले की दोन तास गेलेच, शिवाय प्रत्येक वेळी डोक्यातला विचार तुटत असे तो वेगळाच. त्या दोन वर्षांत जे कोणी सांगितले नाही आणि पुढे एकेक करून शिकावे लागले, ते नव्याने येणाऱ्यांना सुरुवातीलाच मिळावे म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

लागणारी साधने

- जीसीसी किंवा क्लँग हा कम्पायलर. विंडोजवर काम असल्यास व्हिज्युअल स्टुडिओ
- सीमेकची (बिल्डचे नियम तयार करणारे साधन) ३.१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती, निन्जा (ते नियम चालवणारे साधन) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन)
- सीकॅश (आधी कम्पाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइल साठवून पुन्हा देणारे साधन)
- एलएलडी किंवा मोल्ड हा लिंकर
- एसएसडी, आणि मोठ्या प्रोजेक्टसाठी शक्यतो १६ जीबी किंवा अधिक मेमरी
- मोजमापे लिहिण्यासाठी एक शीट
- नवी साधने बसवण्यासाठी आणि बिल्डचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळण्यासाठी कंपनीच्या आयटी विभागाची मंजुरी. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी करावा

१. बिल्ड नेमके काय करतो ते समजून घ्या

सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक सोर्स फाइल स्वतंत्रपणे कम्पाइल होऊन तिची एक ऑब्जेक्ट फाइल तयार होते, आणि नंतर लिंकर त्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइल जोडून चालवण्याजोगा प्रोग्राम बनवतो. ज्या ऑब्जेक्ट फाइलवर तुमच्या बदलाचा काहीही परिणाम होत नाही ती जशीच्या तशी वापरणे, याला इन्क्रिमेंटल कम्पाइल म्हणतात. आणि आधी जोडलेल्या प्रोग्राममधला फक्त बदललेला भाग नव्याने बसवणे, याला इन्क्रिमेंटल लिंक म्हणतात. यांतली पहिली गोष्ट जवळजवळ सगळीकडे उपलब्ध आहे, तर दुसरी मोजक्याच ठिकाणी आहे. हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण अनेक जण लिंकची तक्रार कम्पाइलच्या उपायांनी सोडवायला जातात.

कोणती ऑब्जेक्ट फाइल शिळी झाली हे ठरवण्याची रीत जुनी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे बिल्ड चालवणारे साधन लिहिले, आणि त्याची कसोटी आजही तीच आहे: ज्या फाइलींवर ऑब्जेक्ट अवलंबून आहे त्यांपैकी एखादीची वेळ ऑब्जेक्टच्या वेळेपेक्षा नवी असेल, तर ती पुन्हा कम्पाइल करायची. फाइलच्या आत काय बदलले हे मेक पाहत नाही, फक्त घड्याळ पाहते. पुढचे बहुतेक सापळे या एका गोष्टीतून निघतात.

२. काहीही बदलण्याआधी चार वेळा मोजा

पूर्ण बिल्डला किती वेळ लागतो एवढेच मोजून थांबू नका. दिवसभरात तुमचा वेळ खाणारा आकडा बहुधा दुसराच असतो. शीटमध्ये चार नोंदी करा: पूर्ण बिल्ड, काहीही न बदलता पुन्हा लावलेला बिल्ड, एका सोर्स फाइलमध्ये एक ओळ बदलून लावलेला बिल्ड, आणि सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या हेडरमध्ये (अनेक सोर्स फाइल जी समाविष्ट करतात अशा घोषणांच्या फाइलमध्ये) एक ओळ बदलून लावलेला बिल्ड.

दुसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. काहीच बदलले नसताना बिल्डने काहीही काम नाही असे सांगून एक-दोन सेकंदांत थांबले पाहिजे. तसे न होता काही फाइल कम्पाइल होत असतील किंवा प्रोग्राम पुन्हा लिंक होत असेल, तर तुमच्या बिल्डमध्ये दोष आहे, आणि तो काढल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाण्यात अर्थ नाही. निन्जाला ‘-डी एक्स्प्लेन’ हा पर्याय दिला की प्रत्येक फाइल का पुन्हा बनवली जात आहे याचे कारण ते छापते. जीएनयू मेकच्या नव्या आवृत्त्यांत ‘--ट्रेस’ हेच काम करते.

आमच्याकडे हे कारण शोधले तेव्हा एक आवृत्ती-हेडर सापडले. दर बिल्डला एक स्क्रिप्ट गिटचा कमिट क्रमांक आणि त्या क्षणाची वेळ त्यात लिहीत असे, आणि ते हेडर शंभरएक सोर्स फाइल वापरत होत्या. म्हणजे कोणी काही केले नाही तरी त्या शंभर फाइल दर वेळी शिळ्या ठरत. उपाय सोपा निघाला. हेडरमध्ये फक्त फंक्शनची घोषणा ठेवली, कमिट क्रमांक एकाच लहान सोर्स फाइलमध्ये नेला, बिल्डची वेळ लिहिणे काढून टाकले, आणि मजकूर खरोखर बदलला असेल तरच फाइल लिहावी अशी स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती केली. तुम्हीही एखादी फाइल बिल्डच्या वेळी तयार करत असाल, तर ही शेवटची अट जरूर पाळा. सीमेकची ‘कन्फिगर_फाइल’ ही सोय आपणहून तशीच वागते, आणि फाइल हलवण्यासाठी ‘कॉपी_इफ_डिफरंट’ आहे.

३. डिपेन्डन्सी खऱ्या आहेत का ते तपासा

डिपेन्डन्सी म्हणजे कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे याची नोंद. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. वेग नंतर वाढवता येतो. आधी बिल्डवर विश्वास ठेवता आला पाहिजे.

आमच्या प्रोजेक्टच्या एका भागाची मेकफाइल, म्हणजे मेकला द्यायच्या नियमांची फाइल, हाताने लिहिलेली होती. प्रत्येक ऑब्जेक्ट तिच्या सोर्सवर अवलंबून आहे एवढेच त्यात लिहिले होते. हेडरचा उल्लेख नव्हता. एके दिवशी मी सेन्सरच्या नोंदीच्या स्ट्रक्टमध्ये तापमानाच्या आधी एक नवे चार बाइटचे फील्ड घातले आणि मला हवी होती ती सोर्स फाइल बदलून बिल्ड लावला. बिल्ड बिनबोभाट पार पडला. प्रोग्राम चालवला तर पडद्यावर तापमानाच्या जागी नव्या फील्डची किंमत आणि दाबाच्या जागी तापमान दिसू लागले. नोंद भरणारी फाइल नव्या रचनेने कम्पाइल झाली होती, तर पडद्यावर दाखवणारी फाइल जुन्याच रचनेची होती, आणि दोघींच्या लेखी दाबाची जागा चार बाइटने वेगळी होती. लिंकरला फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावे जुळली की पुरते. स्ट्रक्टच्या आतली मांडणी तो तपासत नाही. मी दोन दिवस सेन्सरचा ड्रायव्हर तपासत राहिलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींच्या तारखा शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांत नऊ दिवसांचे अंतर होते.

"क्लीन मार" हा सल्ला अशाच अनुभवांतून जन्माला येतो. परंतु क्लीन केल्याने त्या वेळेपुरते लक्षण जाते आणि मेकफाइलमधला दोष तसाच राहतो. खरा उपाय असा आहे की डिपेन्डन्सीची यादी माणसाने लिहूच नये, ती कम्पायलरकडून घ्यावी. जीसीसी आणि क्लँगला ‘-एमएमडी’ हा पर्याय दिला की कम्पाइल करतानाच त्या सोर्सने वापरलेल्या प्रत्येक हेडरची यादी एका लहान फाइलमध्ये लिहिली जाते. सिस्टिमची हेडर तेवढी त्यातून वगळली जातात. सोबत ‘-एमपी’ द्यावे, म्हणजे उद्या एखादे हेडर काढून टाकले तर जुन्या यादीमुळे मेक अडून बसत नाही. ही यादी मेकफाइलमध्ये समाविष्ट करणे मात्र तुमचे काम आहे, आणि नेमके तेवढेच विसरले जाते. सीमेक वापरत असाल तर हे सगळे आपोआप होते.

तपासण्याची पद्धत अशी: एखादे हेडर निवडा, त्यात निरुपद्रवी बदल करा, बिल्ड लावा आणि ते हेडर वापरणाऱ्या सगळ्या सोर्स फाइल कम्पाइल झाल्या का ते पाहा. एक जरी सुटली, तरी यादी अपुरी आहे.

याच पायरीतले आणखी तीन सापळे सांगतो.

पहिला, सीमेकमध्ये सोर्स फाइलींची नावे ‘ग्लॉब’ने गोळा करण्याचा. सहकाऱ्याने नवी फाइल घातली आणि तुम्ही ती गिटवरून ओढली, तरी सीमेक पुन्हा चालल्याशिवाय ती बिल्डमध्ये येत नाही, आणि मग लिंकर न सापडलेल्या फंक्शनची तक्रार करतो. नावे एकेक करून लिहावीत. निदान ‘कन्फिगर_डिपेन्ड्स’ तरी जोडावे.

दुसरा, घड्याळाचा. व्हर्च्युअल मशीनवर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये बिल्ड करत असाल आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत फरक असेल, तर वेळेवर आधारलेली सगळी कसोटीच ढासळते. मेक अशा वेळी घड्याळातल्या तफावतीचा इशारा देते. तो वाचून पुढे जाऊ नका, आधी घड्याळे जुळवा.

तिसरा, वीज जाण्याचा. आमच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज गेली आणि डेस्कटॉप बॅटरी-बॅकअपवर नसेल, तर त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटच्या किंवा अर्ध्या राहू शकतात, आणि त्यांची वेळ नवी असल्यामुळे बिल्ड त्यांना ताज्या समजतो. वीज आल्यावर बिल्डच्या फोल्डरमधल्या शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइल शोधून काढाव्यात आणि शेवटच्या काही मिनिटांत लिहिलेल्या बाकीच्याही पुसाव्यात. अख्खा फोल्डर पुसण्याची गरज पडत नाही.

४. मेकवरून निन्जावर या

ही पायरी छोटी आहे. इव्हान मार्टिन यांनी गूगलमध्ये क्रोमवर काम करताना निन्जा लिहिले, कारण त्या आकाराच्या प्रोजेक्टमध्ये एक फाइल बदलल्यावर कम्पाइल सुरू होण्याआधीच बराच वेळ जात होता. सीमेकला ‘-जी निन्जा’ असे सांगून नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये बिल्ड तयार करा. मेकचा जुना फोल्डर त्यासाठी वापरू नका. निन्जा यंत्रातले सगळे कोअर आपणहून वापरते, आणि कम्पायलरला दिलेले पर्याय बदलले तर तेवढ्याच फाइल पुन्हा बनवते. हाताने लिहिलेल्या मेकफाइलला पर्याय बदलल्याचे कळतच नाही.

५. हेडरचे ओझे उतरवा

चौथी नोंद, म्हणजे हेडर बदलल्यावरचा बिल्ड, मोठी असेल तर कोणतेही साधन तुम्हाला फार मदत करणार नाही. इथे कोडमध्येच हात घालावा लागतो. आमच्याकडे एका हेडरमधली ओळ बदलली की चौदा मिनिटे जात. त्या हेडरला सगळे ‘कॉमन’ म्हणत आणि ज्याला जे हवे ते तो त्यात टाकत असे.

आधी पुरावा गोळा करा. निन्जाची ‘-टी डेप्स’ ही आज्ञा प्रत्येक ऑब्जेक्ट कोणत्या हेडरवर अवलंबून आहे ते छापते. त्यातून एकेक हेडर किती वेळा येते ते मोजा आणि सर्वांत वरची दहा नावे लिहून ठेवा. क्लँग वापरत असाल, तर २०१९ मधल्या ९ व्या आवृत्तीपासून ‘-एफटाइम-ट्रेस’ हा पर्याय आहे. तो प्रत्येक सोर्समागे एक जेसन फाइल लिहितो, आणि ती पर्फेटो या ट्रेस पाहण्याच्या साधनात उघडली की कोणत्या हेडरला आणि कोणत्या टेम्प्लेटला किती वेळ गेला ते पट्ट्यांच्या रूपात दिसते. एकदा हे चित्र पाहिले की मीटिंगमध्ये वाद घालावा लागत नाही. मी आमच्या चाळीस ओळींच्या एका फाइलवर ‘-ई’ पर्याय देऊन सगळी हेडर उलगडल्यावर किती ओळी होतात ते मोजून दाखवले होते. आकडा लाखाच्या पुढे गेला, आणि ‘कॉमन’ फोडण्याची परवानगी त्याच दिवशी मिळाली.

फोडताना नियम असा पाळा. हेडरमध्ये एखाद्या क्लासचा फक्त पॉइंटर किंवा रेफरन्स येत असेल, तर त्याचे अख्खे हेडर घेऊ नका, क्लासच्या नावाची आगाऊ घोषणा पुरते. तो क्लास सदस्य म्हणून प्रत्यक्ष ठेवला असेल, त्याच्यापासून दुसरा क्लास काढला असेल किंवा हेडरमध्येच त्याचे फंक्शन बोलावले असेल, तर मात्र पूर्ण हेडर लागते. ज्या क्लासचे खासगी सदस्य वारंवार बदलतात, त्याचे सगळे अंतरंग सोर्स फाइलमधल्या दुसऱ्या क्लासमध्ये नेऊन हेडरमध्ये फक्त एक पॉइंटर ठेवावा. या पद्धतीला पिंपल म्हणतात. तो पॉइंटर युनिक पॉइंटर असेल तर क्लासचा डिस्ट्रक्टर हेडरमध्ये फक्त घोषित करून सोर्स फाइलमध्ये लिहावा लागतो, नाहीतर अपूर्ण टाइपची लांबलचक तक्रार येते आणि नवा माणूस गोंधळून पिंपलच सोडून देतो. पिंपल सरसकट सगळीकडे लावू नका, कारण प्रत्येक वेळी एक पॉइंटर ओलांडावा लागतो आणि वेगाला संवेदनशील अशा छोट्या क्लासांना ते परवडत नाही.

सीमेक ३.१६ मध्ये आधीच कम्पाइल केलेल्या हेडरची आणि युनिटी बिल्डची अशा दोन सोयी आल्या. पहिलीत फक्त स्टँडर्ड लायब्ररीची आणि बाहेरच्या लायब्रऱ्यांची हेडर ठेवा. स्वतःच्या प्रोजेक्टचे एक जरी हेडर त्यात घातले, तर ते बदलताच सगळे पुन्हा कम्पाइल होते. दुसरी सोय अनेक सोर्स फाइल एकत्र करून कम्पाइल करते. तिने पूर्ण बिल्ड वेगवान होतो, पण एक ओळ बदलल्यावर अख्खा गठ्ठा नव्याने कम्पाइल करावा लागतो. रोजच्या कामाच्या यंत्रावर मी ती बंद ठेवतो.

६. लिंकचा वेळ कमी करा

सोर्स फाइल चार सेकंदांत कम्पाइल होते आणि लिंकला पन्नास सेकंद लागतात, अशी वेळ आमच्यावर पाचव्या पायरीनंतर आली. लिनक्सवरचा नेहमीचा जीएनयू लिंकर प्रत्येक वेळी सगळ्या ऑब्जेक्ट फाइल पुन्हा वाचतो. एलएलव्हीएमचा एलएलडी आणि रुई उएयामा यांचा मोल्ड हेदेखील इन्क्रिमेंटल नाहीत. दर वेळी पूर्ण लिंकच करतात, पण कोअर समांतर वापरून ती इतक्या लवकर करतात की इन्क्रिमेंटलची उणीव फारशी जाणवत नाही. मोल्डची १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली. लिंकच्या वेळी ‘-एफयूज-एलडी’ या पर्यायात लिंकरचे नाव द्यायचे. जीसीसीला मोल्डचे नाव १२ व्या आवृत्तीपासून कळते, आणि सीमेक ३.२९ पासून त्यासाठी ‘सीमेक_लिंकर_टाइप’ आहे. आधी एलएलडी लावून मोजा. बहुतेकांना तेवढे पुरेसे होते.

डिबग बिल्डमध्ये लिंकरचा मोठा वेळ डिबगची माहिती उचलून ठेवण्यात जातो. ‘-जीस्प्लिट-ड्वॉर्फ’ दिल्यास ती बहुतांश माहिती वेगळ्या फाइलींत राहते आणि लिंकर तिला हात लावत नाही. मात्र डिबग करायचा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेलात तर त्या फाइलीही सोबत न्या, नाहीतर डिबगरला ओळी दिसणार नाहीत.

मेमरीचाही एक सापळा आहे. प्रोजेक्टमध्ये पाच-सात प्रोग्राम असतील तर निन्जा त्यांच्या लिंक एकाच वेळी सुरू करते, आणि १६ जीबीच्या यंत्रावर सगळे काही गोठल्यासारखे होते. सीमेकमध्ये लिंकसाठी स्वतंत्र जॉब पूल ठेवून एका वेळी दोनच लिंक चालतील अशी मर्यादा घाला.

विंडोजवर खरी इन्क्रिमेंटल लिंक मिळते. व्हिज्युअल स्टुडिओच्या लिंकरला ‘/डिबग’ दिले की ‘/इन्क्रिमेंटल’ आपणहून चालू होते. लिंकर आपली नोंद आयएलके या विस्ताराच्या फाइलमध्ये ठेवतो, फंक्शनांच्या मध्ये मोकळी जागा सोडतो, आणि बदललेले फंक्शन त्या जागेत बसवतो. ‘/ओपीटी:आरईएफ’ किंवा ‘/ओपीटी:आयसीएफ’ दिले तर ही सोय बंद पडते, आणि आयएलके फाइल पुसली की पुढची लिंक पूर्ण होते. जुना प्रोग्राम चालूच राहिला असेल, तर ‘एलएनके११६८’ ही चूक येते. प्रोग्राम बंद करून पुन्हा लिंक करा. ग्राहकाला द्यायचा बिल्ड मात्र कधीही इन्क्रिमेंटल लिंकचा नसावा, कारण त्या मोकळ्या जागांनी आणि उड्यांच्या तक्त्याने तो फुगलेला असतो.

७. ब्रँच बदलण्याचा त्रास सोडवा

गिट ब्रँच (कोडची समांतर शाखा) बदलताना ज्या फाइल वेगळ्या आहेत त्या नव्याने लिहिते, आणि तुम्ही लगेच परत आलात तरी त्यांची वेळ आताची झालेली असते. मजकूर जसाच्या तसा असूनही बिल्ड त्यांना बदललेल्या समजतो. ठाण्याहून घणसोलीपर्यंतच्या लोकलच्या प्रवासात लॅपटॉपवर कोणाचा कोड तपासायचा आणि उतरल्यावर आपले काम पुढे न्यायचे, तर दोन्ही वेळी पुष्कळसे कम्पाइल नव्याने होते.

याला दोन उपाय आहेत, आणि दोन्ही करावेत. २०१५ मध्ये गिट २.५ सोबत आलेल्या ‘वर्कट्री’ने दुसऱ्या ब्रँचसाठी वेगळा फोल्डर काढा आणि त्याला वेगळा बिल्ड फोल्डर द्या. त्याखेरीज सीकॅश बसवा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले हे साधन वेळ पाहत नाही. सोर्स, हेडर, कम्पायलर आणि पर्याय यांच्या मजकुराची खूण काढून तीच खूण आधी दिसली असेल तर साठवलेली ऑब्जेक्ट फाइल देते. सीमेकमध्ये ‘सीमेक_सीएक्सएक्स_कम्पायलर_लाँचर’ला सीकॅशचे नाव दिले की झाले. वर्कट्रीचे मार्ग वेगवेगळे असल्याने ‘बेस_डिर’ ठरवावे लागते, आणि डिबग बिल्डमध्ये मार्गांची नोंदही सारखी करून घ्यावी लागते. ते केले नाही तर एका फोल्डरचा साठा दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. ‘सीकॅश -एस’ने किती वेळा साठ्यातून मिळाले ते पाहा. सीकॅश लिंकला काहीही मदत करत नाही, हेही ध्यानात असू द्या.

८. क्लीन बिल्डची जागा ठरवा

क्लीन बिल्ड दररोज रात्री सर्व्हरवर, रिकाम्या फोल्डरमध्ये चालू द्या. कम्पायलरची आवृत्ती बदलली किंवा बाहेरची लायब्ररी जागच्या जागी बदलली, तर तुमच्या यंत्रावरही एकदा करा.

एरवी इन्क्रिमेंटल बिल्डचे वागणे रात्रीच्या बिल्डपेक्षा वेगळे दिसले, तर फोल्डर पुसण्याचा मोह टाळा. त्याची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि मग मूळ फोल्डरमध्ये क्लीन बिल्ड लावा. दोन्हींतल्या ऑब्जेक्ट फाइलींची तुलना केली की नेमकी कोणती फाइल शिळी राहिली ते कळते. तिची डिपेन्डन्सी यादी उघडा, त्यात कोणते हेडर नाही ते शोधा आणि बिल्डची फाइल दुरुस्त करून ती दुरुस्ती स्वतंत्र कमिट म्हणून पाठवा, म्हणजे तुमच्या शेजारी बसणाऱ्यालाही ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळेल.